हौशी छायाचित्रकार आणि त्यांची यंत्रचर्चा

छायाचित्रणाचा नाद असलेली चार माणसे एकत्र जमली की त्यांचे बोलणे चित्रांविषयी होत नाही, ते कॅमेऱ्यांविषयी आणि भिंगांविषयी होते, अशी तक्रार पुष्कळ घरांतून ऐकू येते. दुपारी आलेला पाहुणा दिवेलागणीपर्यंत बसतो, चहाचे दोन फेर होतात, आणि इतक्या वेळात एकही चित्र कोणी कोणास दाखविलेले नसते. कोणत्या भिंगातून कडा स्वच्छ येतात, कोणती तिपाई वाऱ्यात थरथरते, कोणती बॅटरी गड चढेपर्यंतही टिकत नाही, एवढेच काय ते कानी पडते. घरच्या मंडळींस हे निव्वळ वस्तूंचे कौतुक वाटते. चित्रकाराने कुंचल्याच्या केसांची चिकित्सा करीत बसावे आणि चित्र काढूच नये, तसला हा प्रकार, असे एखादे वडीलधारे माणूस बोलूनही दाखविते.

ह्या तक्रारीत काही तथ्य आहे, व त्याचा विचार पुढे येईलच. परंतु तीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती तपासून पाहण्याजोगी आहे. यंत्राची माहिती ते करणाऱ्याने पुस्तिकेत छापून दिलेलीच असते, मग तीवर आणखी बोलावयाचे ते काय, असे हे गृहीत होय. आता पुस्तिकेत यंत्राचे वर्णन असते हे खरे. पण तेच यंत्र महाडच्या आषाढात कसे वागेल, ह्याचे वर्णन तीत नसते. ती पुस्तिका लिहिणाऱ्याने महाड पाहिलेले नसते. ज्याने तेथे तीन-चार पावसाळे काढले, ज्याचे एखादे भिंग तेथे नासले, त्याच्याच तोंडून ती माहिती मिळावयाची. म्हणून ही चर्चा खरोखर कशाची असते हे पाहावयाचे तर एखादा विशिष्ट मुलूखच डोळ्यांपुढे ठेवलेला बरा.

महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे दोन डोंगरी तालुके. महाबळेश्वरास उगम पावलेली सावित्री घाट उतरून पोलादपुरावरून महाडास येते. पूर्वेस सह्याद्रीची भिंत उभी आहे. तिला अडून ढग रिते होतात, आणि वर्षास ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस, तोही बहुतेक सारा चार महिन्यांत, ह्या खोऱ्यात पडतो. छायाचित्रकारास येथे विषयांची वाण नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंचीचा रायगड, त्यावरील जगदीश्वराचे देऊळ आणि गंगासागर; महाड शहराच्या जवळच डोंगराच्या कुशीत कोरलेली गांधारपाल्याची बौद्ध लेणी; २० मार्च १९२७ च्या सत्याग्रहामुळे साऱ्या देशास ठाऊक झालेले चवदार तळे, जेथे त्या तारखेस अजूनही जनसमुदाय लोटतो; सावित्रीच्या काठी उन्हे खात पडलेल्या मगरी; पोलादपुराहून महाबळेश्वरास चढणारा आंबेनळी घाट. आणि दैवाची थट्टा अशी की ज्या महिन्यांत हा मुलूख सर्वांत देखणा दिसतो, त्याच महिन्यांत तो कॅमेऱ्याचा घात करतो.

बुरशीचेच पाहा. बुरशीचे बीज हवेत सर्वत्र असते. भिंगाच्या नळीतही ते शिरलेले असते. कोरड्या प्रदेशात ते वर्षानुवर्षे निपचित पडून राहते. परंतु हवेतील सापेक्ष आर्द्रता ६०-७० टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस राहिली, भोवती अंधार असला आणि वारा खेळता नसला, की ते रुजते. खाद्य म्हणून त्यास काचेवरची धूळ आणि बोटांचा तेलकट अंश पुरतो. प्रथम एखादा ठिपका दिसतो. मग कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके तंतू पसरतात. त्या तंतूंतून आम्ल पाझरते, आणि ते काचेवरील नाजूक लेपास, पुढे प्रत्यक्ष काचेसही, खाते. तंतू पुसून काढता येतात. खाल्लेला लेप मात्र परत येत नाही. बरे, अशा भिंगातून घेतलेले चित्र एकाएकी बिघडत नाही, आणि खरा धोका तोच. चित्रे थोडथोडी फिकी होत जातात, उजेडाच्या दिशेने घेतलेली धुरकट येऊ लागतात, आणि घेणाऱ्यास वाटते की आपलाच हात उतरला.

येथे सामान्य व्यवहारज्ञान नेमके उलटे पडते. वर्षभर पैसे साठवून ज्याने कॅमेरा घेतला तो साहजिकच त्यास जपतो. जूनमध्ये पावसाची पहिली झड आली की तो कॅमेरा चामड्याच्या पेटीत घालतो, पेटीवर मऊ कापड गुंडाळतो आणि कपाटाच्या तळच्या खणात, आपल्या समजुतीने सुरक्षित, ठेवून देतो. दसऱ्यास तो बाहेर काढतो तेव्हा भिंगात जाळे झालेले असते. चामडे ओलावा शोषून धरते. कापड तेच करते. कपाटात अंधार असतो आणि वारा नसतो. बुरशीची शेती करावयाची ठरविली असती तरी ह्याहून निराळे काही करावे लागले नसते. उलटपक्षी जो मनुष्य पावसातही दर आठ दिवसांनी कॅमेरा काढून चार चित्रे घेतो, भिंगास थोडा उजेड-वारा दाखवितो, त्याचे भिंग पुष्कळदा शाबूत राहते. निष्काळजी माणसाचे टिकते आणि जपणाऱ्याचे नासते, हा चमत्कार दोघांनी एकमेकांस सांगितल्याखेरीज उलगडत नाही. एकेकट्यास तो आपल्या नशिबाचा भाग वाटतो.

उपाय साधे आहेत, आणि ते बहुतेक बोलण्यातूनच पसरले आहेत. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि एक लहानसा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला म्हणजे झाले. फार खाली जाणेही बरे नव्हे, कारण अतिकोरड्या हवेत रबर आणि वंगण सुकते. सिलिका जेलचे निळे खडे ओलावा पिऊन गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करून घेता येतात, आणि येथे स्वयंपाकघराशी तंटा उद्भवतो. ह्या तंट्यात स्वयंपाकघराची बाजू न्यायाची आहे. निळ्या रंगासाठी त्या खड्यांत कोबाल्टचा क्षार घातलेला असतो आणि तो विषारी आहे. म्हणून त्यांच्यासाठी कढई वेगळी ठेवावी आणि ती पुन्हा अन्नास लावू नये. नारिंगी रंगाचे खडे मिळतात, त्यांत बहुधा कोबाल्ट नसतो. वीज भरवशाची असेल तेथे आर्द्रता आपोआप आवरणारी कपाटेही आता विकत मिळतात; पण पोलादपुराच्या आतल्या वाड्यांवर पावसाळ्यात विजेचा भरवसा किती, हे तेथील लोकांस विचारावे.

आंबेनळी घाटाची गोष्ट ह्याहूनही मौजेची आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंच; पोलादपूर घाटाच्या पायथ्याशी; दोहोंमध्ये अंतर ४० किलोमीटरांच्या आसपास. जुलैत वर हवा गार असते, खाली उबदार आणि दमट. वर दोन तास हिंडलेला कॅमेरा गार झालेला असतो. तो घेऊन मनुष्य घाट उतरतो, पोलादपुरास पिशवी उघडतो, आणि पाहता पाहता भिंगावर धुके धरते. थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून दव जमते, तसेच. तो रुमालाने पुसतो, पुन्हा जमते. पुन्हा पुसतो, आणि त्या भरात काचेवर धुळीचा ओरखडा उमटतो. दव बाहेरच्या काचेवर जमले तर फारसे बिघडत नाही. आत जमले तर वर सांगितलेल्या बुरशीस आमंत्रणच. करावयाचे एवढेच की पिशवी बंद ठेवून अर्धा तास थांबावे, म्हणजे आतले यंत्र बाहेरच्या हवेइतके ऊबदार होते. वातानुकूल मोटारीतून रायगडाच्या पायथ्याशी उतरणाऱ्यासही हाच नियम. हा नियम पदार्थविज्ञानाच्या शालेय पुस्तकात आहे, परंतु तो कॅमेऱ्यास लागू करण्याचे कोणास सुचत नाही. कोणी तरी घाट उतरून आलेल्याने सांगावा लागतो.

हवा आणि यंत्र ह्यांचे हे वैर आजचे नाही. छायाचित्रण भारतात आले त्या दिवसापासूनचे ते आहे, आणि आश्चर्य असे की त्यावर बोलण्यासाठी सभा स्थापन करण्याची बुद्धीही तेव्हापासूनचीच आहे. मुंबईत छायाचित्रकारांची सभा १८५४ साली स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रास येथील सभा त्यानंतरच्या. पुढच्याच वर्षी तिने आपली पत्रिका सुरू केली, आणि त्याच १८५५ साली एल्फिन्स्टन विद्यालयात छायाचित्रणाचा वर्गही निघाला. सभेत इंग्रज अधिकारी व व्यापारी पुष्कळ होते. पण डॉक्टर भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉक्टर नारायण दाजी हेही तिचे सभासद होते. नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रे घेत. ज्या काळी मुंबईच्या बहुतेक लोकांनी कॅमेरा डोळ्यांनी पाहिला नव्हता, त्या काळी दोघे मराठी वैद्य ह्या सभेत बसत होते, ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे आणि क्वचितच सांगितली जाते.

ह्या लोकांस बोलावयास विषय कोणता होता, हे त्या काळची रीत पाहिली म्हणजे कळते. १८५१ साली इंग्लंडात फ्रेडरिक स्कॉट आर्चर ह्याने ओल्या काचेची रीत प्रसिद्ध केली होती. काचेवर कोलोडिअनचा चिकट थर द्यावयाचा, ती रुप्याच्या क्षाराच्या द्रावात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे आणि ओली असतानाच धुवावयाची. इंग्लंडच्या गार हवेत ह्या साऱ्यास दहा-पंधरा मिनिटे मिळत. हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात थर त्याच्या आधीच सुकून जाई. शिवाय काचा, बाटल्या आणि अंधाराचा तंबू बैलगाडीवर लादून न्यावा लागे. दुसरी रीत मेणकागदाची. तीत तपशील थोडा मऊ येतो, पण कागद आधी तयार करून काही दिवस ठेवता येतो. कॅप्टन लिनिअस ट्राइप ह्याने १८५५ साली ब्रह्मदेशात हीच कागदाची रीत पत्करली. इंग्लंडात काच श्रेष्ठ ठरली म्हणून ती येथेही श्रेष्ठ ठरेलच असे नव्हे, हा निर्णय विलायती पुस्तकातून निघण्यासारखा नव्हता. येथल्या उन्हात ज्यांच्या काचा सुकल्या त्यांनीच तो घ्यावयाचा होता. महाडचा आजचा हौशी मनुष्य सिलिका जेलविषयी बोलतो तेव्हा तो ह्याच जुन्या कामात असतो, मग त्यास त्याची जाणीव असो वा नसो.

अशा बोलण्याचे सर्वांत मोठे फळ मराठी माणसाच्या पदरी पडले ते १९१२ साली. धुंडिराज गोविंद फाळके हे मूळचे त्र्यंबकेश्वरचे. बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी छायाचित्रणाचा अभ्यास केला होता आणि पुढे तो धंदाही केला होता. चलच्चित्रे काढावयाची असे त्यांनी मनाशी ठरविले तेव्हा त्यांच्याजवळ पुस्तके होती, नियतकालिके होती, यंत्रांच्या किंमतीच्या याद्या होत्या. जे नव्हते ते म्हणजे त्या विषयावर बोलणारा एकही मनुष्य. मुंबईत लंडनचे ‘बायोस्कोप’ साप्ताहिक त्यांस मिळे. तेव्हा विमा गहाण टाकून पैसे उभे केले, ते लंडनला गेले आणि सरळ त्या साप्ताहिकाच्या कचेरीत जाऊन उभे राहिले. संपादकांनी प्रथम त्यांस परावृत्त केले. खुद्द इंग्लंडात पुष्कळजण ह्या धंद्यात बुडाले आहेत, आणि हिंदुस्थानची हवा ह्या कामास मानवेल असे दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. हवेचा प्रश्न तेथेही निघाला हे लक्षात घेण्यासारखे आहे. परंतु बोलता बोलता संपादकांचे मत पालटले. त्यांनी फाळक्यांची गाठ सेसिल हेपवर्थ ह्या चित्रनिर्मात्याशी घालून दिली, आणि ह्या दोघांच्या सल्ल्याने फाळक्यांनी ५० पौंडांस विल्यमसन कंपनीचा कॅमेरा निवडला, कोडॅकची कोरी फिल्म आणि तिला कडेने भोके पाडण्याचे यंत्र मागविले. हे भोके पाडण्याचे यंत्र म्हणजे किरकोळ बाब नव्हे. त्या वेळी कोरी फिल्म भोकांवाचून येत असे. भोकांवाचून ती कॅमेऱ्यात सरकत नाही. आणि ती भोके अंधारातच पाडावी लागतात. पुढे हे काम फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई ह्यांनी हाती घेतले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला.

कोल्हापुरास ह्याहून निराळे घडले. तेथे नाटकांचे पडदे रंगविणारे बाबूराव आणि आनंदराव हे मेस्त्री घराण्यातील दोघे, ज्यांस लोक पेंटर म्हणूनच ओळखत, कॅमेरा स्वतःच घडविण्याच्या खटपटीस लागले. १९१६ साली आनंदराव वारले. विष्णुपंत दामले ह्यांच्या साहाय्याने बाबूरावांनी १९१८ च्या सुमारास ते यंत्र तडीस नेले, आणि त्यावर घेतलेला ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्यात झळकला. येथे यंत्राविषयीची चर्चा यंत्र निवडण्यापाशी थांबली नाही. तिने यंत्रच निर्माण केले. अर्थात प्रत्येक दिवाणखान्यातील गप्पांतून असे काही निघेल, अशी अपेक्षा कोणी करू नये.

आता वडीलधाऱ्यांच्या तक्रारीतील तथ्याकडे. यंत्रचर्चा वाया जाते ती बहुधा पैशाच्या वाटेने. एकाने नवे भिंग घेतले की दुसऱ्यास आपले जुने वाटू लागते. अशा वेळी बोलणे कोणत्या प्रश्नापासून सुरू झाले, ह्यावर सारे अवलंबून असते. “कोणता कॅमेरा चांगला?” ह्या प्रश्नास उत्तर नाही. “सावित्रीच्या पलीकडच्या काठावरची मगर अशी पुसट का आली?” ह्या प्रश्नास उत्तर आहे, आणि ते गणिताने काढता येते. वस्तूची लांबी गुणिले भिंगाची नाभीय लांबी, भागिले अंतर, म्हणजे प्रतिमेची लांबी. तीन मीटर लांबीची मगर ७५ मीटरांवर आहे. भिंग ५० मिलिमीटरांचे. तर प्रतिमा दोन मिलिमीटरांची पडेल. हौशी कॅमेऱ्यातील संवेदकपट्टी साधारण २४ मिलिमीटर रुंद असते, तेव्हा मगर चित्राचा बारावा भाग व्यापील. लाकडाचा ओंडकाच म्हणावा. ३०० मिलिमीटरांच्या भिंगाने तीच प्रतिमा १२ मिलिमीटरांची, म्हणजे अर्ध्या चित्राएवढी होते. ६०० चे भिंग घेतले तर मगर नाकापासून शेपटीपर्यंत चित्र भरून टाकील, पण किंमत कित्येक पटींनी वाढेल आणि वजन पेलण्यास भक्कम तिपाई लागेल. हे गणित समोर मांडले की ३०० वर भागते हे कोणासही दिसते. आणि चित्र दुपारचे असेल तर पाण्यावरून उठणाऱ्या तापल्या हवेच्या लहरींनी ते कोणत्याही भिंगातून पुसटच येणार. तेथे भिंग न बदलता वेळ बदलावी. दोन पावले पुढे जा, हा छायाचित्रणातील जुना आणि फुकटचा सल्ला आहे. मगरीपुढे मात्र तो कोणी देऊ नये.

असाच दुसरा प्रसंग भातलावणीचा. पोलादपुराकडे आषाढात, भर पावसाच्या संध्याकाळी, वाकून रोपे लावणाऱ्या बायकांचे हात चित्रात फरफटलेले येतात, कारण उजेड कमी म्हणून झडप एका सेकंदाच्या साठाव्या भागाइतका वेळ उघडी राहिलेली असते. दुकानदार सांगतो, एफ ५.६ चे भिंग टाका, एफ २.८ चे घ्या. चौपट उजेड येईल आणि वेळ अडीचशेव्या भागावर आणता येईल. सांगणे खरे आहे. परंतु कॅमेऱ्याची संवेदनशीलता १०० वरून ४०० वर नेली तरी तोच चौपटीचा हिशेब साधतो, चित्र किंचित रवाळ येते इतकेच, आणि त्यास पैसा पडत नाही. हे दुकानदार आपण होऊन सहसा सांगत नाही. शेजारी बसलेला मित्र सांगतो, कारण त्यास काही विकावयाचे नसते.

मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख चित्रबिंदू. त्यांच्या आकड्यांवर जो वेळ जातो तो मात्र खुशाल वाचवावा. ए-४ आकाराचे पूर्ण पान स्वच्छ छापावयास सुमारे ८७ लाख बिंदू पुरतात, आणि आज बाजारात ह्याहून कमी बिंदूंचा कॅमेरा शोधूनही मिळणे कठीण. ह्या विषयावर आवाज चढू लागले की समजावे, चित्रांची आठवण कोणास राहिलेली नाही. मुंबईच्या जुन्या सभेत चित्रेही मांडली जात. बोलण्यापूर्वी एक छापील चित्र समोर ठेवण्याचा प्रघात घरगुती बैठकीतही पाळता येण्यासारखा आहे.

जुने भिंग विकत घेण्याच्या कामी तर अनुभवी माणसाच्या सोबतीस मोल नाही. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात अशी भिंगे मिळतात, आणि काही अगदी रास्त दरात मिळतात. वरवर पाहता ती लख्ख असतात. जाणता मनुष्य खिशातून विजेची बत्ती काढतो, भिंगाचे छिद्र पूर्ण उघडतो, मागच्या बाजूने तिरपा उजेड सोडतो आणि पुढून पाहतो. धुळीचे चार कण दिसले तर तो ते सोडून देतो; कडेशी बारीक तंतूंची नक्षी दिसली तर भिंग खाली ठेवतो. हे पाहणे एकदा शेजारी उभे राहून शिकले की जन्मभर पुरते. गावात छायाचित्रणावर पोट असणारे असतात, लग्नसराईच्या चार महिन्यांत वर्षाची बेगमी करणारे. अशा माणसाचे एक भिंग ऐन हंगामात दगा देते तेव्हा दुसऱ्याने आपले उसने द्यावे लागते. आणि कोणाकडे कोणते भिंग आहे, ते कोणाच्या कॅमेऱ्यास बसते, हे ठाऊक असते ते ह्याच गप्पांमुळे.

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी ह्यांचे पाणी महाड शहरात शिरले. बाजारपेठ बुडाली, लोक माळ्यांवर आणि छपरांवर बसले; त्याच दिवशी तळीये येथे दरड कोसळून मोठी प्राणहानी झाली. त्या दुःखापुढे यंत्रांचे नाव घेणे कोणास अप्रशस्त वाटेल. तथापि पाणी ओसरल्यावर ज्यास धंदा पुन्हा उभा करावयाचा असतो त्यास चिखलातून काढलेल्या कॅमेऱ्याचे काय करावे, हा प्रश्न पडतोच, आणि त्याचे उत्तर आधी ठाऊक असणे बरे. पहिली गोष्ट, तो चालतो की नाही हे पाहण्यासाठी कळ दाबू नये. ओल्या यंत्रात वीज खेळली की जे वाचण्यासारखे होते तेही जळते. बॅटरी ताबडतोब काढावी, चित्रांचे कार्ड काढावे. कार्ड स्वच्छ पाण्याने धुऊन सावकाश सुकविले तर त्यावरील चित्रे पुष्कळदा शाबूत निघतात. कॅमेरा गेला तरी एखाद्या घरच्या लग्नाची चित्रे वाचतात, आणि ती पुन्हा घेता येत नाहीत. कॅमेरा विस्तवाजवळ धरू नये. तो लवकरात लवकर दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती द्यावा, कारण पुराच्या पाण्याबरोबर आत गेलेला गाळ सुकला की निघत नाही. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याची जी चाल फोनच्या काळात घरोघर पसरली आहे तीत अर्थ नाही. तांदूळ ओलावा ओढतात ते फार थोडा, आणि त्यांचे पीठ मात्र आत शिरते. कोकणातल्या घरात तांदूळ हाताशी असतात एवढेच त्या उपायाचे सामर्थ्य.

पावसाळ्यापूर्वी डबा ठेवावा कोठे, ह्यावर मात्र पूररेषेतील घरांपुढे खरा पेच आहे. खाली ठेवावा तर पाण्याची भीती. माळ्यावर ठेवावा तर कौलांतून गळणारे पाणी, आणि उघडीप पडली की पत्र्याखाली साठणारी उष्णता, जिच्यात वंगण पातळ होऊन भिंगाच्या पात्यांवर उतरते. मधल्या फळीवर, घट्ट झाकणाच्या डब्यात, डब्यास दोरी बांधून, म्हणजे वेळ आली तर एका हाताने उचलून वर नेता येईल, असा एक तोडगा निघतो. त्यावरही आक्षेप आहेच, की रात्री पाणी चढू लागले तर माणूस म्हातारी माणसे आणि मुले उचलील की डबा. तेव्हा कार्डे आणि चित्रांच्या प्रती तेवढ्या जूनमध्येच पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडे पाठवून द्याव्यात आणि यंत्राचे जे होईल ते होवो, असे दुसरा पक्ष म्हणतो.